टोपलीपुरती वाट

गलबत कुंपण मोडायला म्हणून कधीच जायची नाही. ती फक्त टेकायची. रवंथ करता करता कुशीला खाज सुटली की बांबूला अंग लावायची, डोळे अर्धे मिटायची आणि सगळं वजन सावकाश तिकडे सोडायची. बांबू आधी कुरकुरायचा, मग वाकायचा, आणि शेवटी मुळासकट आडवा व्हायचा. गलबतला त्याचं काहीच नसायचं. समोर मोकळं दिसलं की ती चालू लागायची, आणि तिच्यामागून उरलेल्या चौघी म्हशी.

हे नाव म्हशींची मालकीण निशा, तिच्या बापाने, रामचंद्रने ठेवलेलं. म्हैस पहिल्यांदा मनोरीच्या रस्त्यावरून डुलत आली, तेव्हा रामचंद्र ओट्यावर जाळं शिवत बसला होता. मान वर करून तो म्हणाला, गलबत आलं बघा बंदरात. तेच चिकटलं.

एप्रिलमधल्या एका सकाळी हे गलबत कुंपणावर टेकलं आणि थेट वाळूकडे निघालं. तिथे कोळणींची खळी आहेत, मासळी सुकवायच्या जागा. सोनूबाईने आदल्या दिवशीचा सगळा जवळा खळ्यावर पसरून ठेवला होता. पाच म्हशी त्यावरून गेल्या, मग परत फिरून त्यावरूनच आल्या. जाता जाता बोंबील वाळत घातलेली एक वलांडी, म्हणजे बांबूंची चौकट, तीही त्यांनी पाडली. जवळा मऊ आणि खारट. त्यात एक म्हैस निवांत बसलीसुद्धा.

सोनूबाई निशाची चुलत काकी. तिने शिव्या दिल्या नाहीत, हे जास्त वाईट होतं. तिने गावकीच्या बैठकीत विषय घातला. बैठकीत ठरलं ते सरळ होतं: म्हशी पुन्हा एकदा खळ्यावर आल्या, तर म्हशी गावात राहायच्या नाहीत. खाडीपलीकडे कुठल्या तबेल्यात द्यायच्या ते निशाने बघावं.

निशाला ते अन्याय्य वाटलं नाही. खळ्यावर आपला जवळा असता तर आपणही हेच म्हणालो असतो, हे तिला कळत होतं. पण म्हशी द्यायच्या नव्हत्या. फिजिक्समध्ये बीएस्सी केल्यावर ती अंधेरीच्या एका प्रयोगशाळेत नोकरीला होती. इमारतींच्या सळया यंत्रात धरून तुटेपर्यंत ओढायच्या आणि किती भाराला तुटल्या ते नोंदवायचं, हे काम. काम तिला आवडायचं. फक्त रोज तेच तुटायचं. गावात दूध मात्र फेरीबोटीने यायचं, कधी उशिरा, कधी अजिबात नाही, आणि बंगलेवाले, हॉटेलवाले सगळे त्याच्याच वाटेकडे डोळे लावून. बंदर आणि खळी यांच्या मधोमध वडिलांची वाडी रिकामी पडली होती. तिने नोकरी सोडली आणि म्हशी आणल्या. लोक म्हणाले, कोळ्याची पोरगी शेण काढणार. दोन वर्षं झाली, अजून काढत होती.

पावसाळाभर म्हशी दावणीला बांधून तिने विचार केला. दावणीला बांधलेली म्हैस दूध कमी देते आणि पाय सुजवून घेते, हेही त्या पावसाळ्यात दिसलं. कुंपण हवंच होतं. गलबत उडी मारत नाही, धडक देत नाही. ती टेकते. म्हणजे कुंपणाला एका जागी, बराच वेळ, सहाशे किलोचं जनावर सोसता यायला हवं. तारेचं काम नव्हे, बांबूचं नव्हे. जाड लोखंडी पाइप, खोल रोवलेला, आडव्या पाइपांनी एकमेकांना वेल्ड केलेला. दिवाळीच्या आधी जवळा खळ्यावर पडायला लागतो. त्याच्या आत.

साकीनाक्याला नितेशचा गाळा होता. सोसायट्यांची गेटं आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवायचा. घरचे मालवणकडचे, वडील गुणाजी गिरणीत होते, गिरणी गेल्यावर वेल्डिंग शिकले आणि ते मुलाला दिलं. निशा प्रयोगशाळेत असताना नितेश नमुने घेऊन यायचा, ती ओळख. तिने कागदावर काढलेलं चित्र त्याने उलटसुलट करून पाहिलं.

"गो बाय, म्हशींसाठी आर्थर रोड जेल बांधतंस काय?"

त्याने चौकोनी हलका पाइप सुचवला. दिसायला झकास, कामाला सोपा. निशाने नाही म्हटलं. त्याने मध्यम पाइप सुचवला. तिने त्याच्या गाळ्यातला तसा एक तुकडा उचलला, दोन ठोकळ्यांवर ठेवला आणि त्याला वर उभं राहायला सांगितलं. नितेश अंगाने भरलेला होता. पाइप दिसेल इतका वाकला. तुझ्यासारखे आठ जण धर, निशा म्हणाली, ती एक गलबत. नितेश खाली उतरला आणि म्हणाला की मगे भंगारवाल्याकडे जाऊया, तिथे जुन्या कारखान्याचे पाइप आलेत, ते नुसते उचलायलाच चार माणसं लागतात.

ते पाइप टेम्पोने मार्वे जेट्टीपर्यंत आले. तिथून पुढे फेरीबोटवाल्याने ते चढवून घ्यायला साफ नकार दिला. भाईंदर-उत्तनकडून रस्त्याने फिरवून आणता आले असते, पण निशाचा भाऊ अल्पेश म्हणाला की घरात बोट असताना रस्ता कशाला. भरतीला त्याने आपली बोट लावली. पूर्वी समुद्रात जाळ्यासाठी ठोकायचे लांब खुंट याच बोटीतून जायचे, तसेच पाइप लांबीने रचले. रामचंद्र हौसेने ढिगावर बसून आला. बोट पाण्यात इतकी खाली बसली की काठावरच्या लोकांनी विचारलं, एवढी मासळी कुठे लागली.

वाडीत खड्डे खणायला घेतले आणि हातभर खाली वाळू लागली. जेवढी उपसावी तेवढी बाजूने घसरे. नितेश कपाळाला हात लावून बसला; गेटं लावताना त्याला फार तर लादी फोडावी लागायची. निशाने मागच्या अंगणातून मासळीची निळी पिंपं आणली, त्यांची बुडं कापली आणि एकेक पिंप खड्ड्यात उभं केलं. आतली वाळू उपसली की पिंप आपणहून खाली जाई आणि कडा धरून ठेवी. त्यात पाइप उभा करायचा, ओळंब्याने सरळ करायचा आणि काँक्रीट ओतायचं. एकदा घाईत अल्पेशने खाडीचं पाणी बादलीत भरून आणलं. निशाने बादली तिथेच पालथी केली. खारं पाणी सिमेंटला चालेल एकवेळ, लोखंडाला नाही. आतून खाऊन टाकेल आणि आपल्याला कळेल ते गलबत खळ्यावर पोचल्यावर. विहिरीचं गोडं पाणी लांबून आणावं लागे. आणलं.

खांब धरल्यावर आडवे पाइप आले. गोल खांबाला गोल पाइप असा नुसता चिकटत नाही. आडव्याच्या टोकाला अर्धगोल खाच पाडावी लागते, म्हणजे तो खांबाला मिठी मारतो. नितेश ग्राइंडरने खाचा पाडत होता आणि रामचंद्र त्या तोंडांकडे कौतुकाने बघत होता. तो म्हणाला, हे तर बोंबलाचं तोंड, आ वासलेलं. त्या दिवसापासून नितेश प्रत्येक जोडाला बोंबील म्हणू लागला. सकाळी आला की विचारायचा, आज किती बोंबील तळायचे.

तीन आडव्या ओळी झाल्या. उंची सोनूबाईच्या छातीइतकी, म्हणजे गलबतच्या मानेच्या वर. खांबांची तोंडं वरून बंद केली, पाणी साठून आतून गंजू नये म्हणून. रस्त्याच्या बाजूला एक भक्कम फाटक. वर रेड ऑक्साइड, त्यावर राखाडी रंग. वाडीला चारी बाजूंनी लोखंडाचा पट्टा बसला. संध्याकाळी निशाने गलबतला आत सोडलं. गलबत सवयीने पाइपाला टेकली, डोळे मिटले, वजन सोडलं. बराच वेळ तशीच राहिली. मग डोळे उघडून तिने पाइपाकडे पाहिलं. नितेश म्हणाला की एवढा अपमान हिचा कोणी केला नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंदराच्या बाजूने सोनूबाई आली. मागे तिची शेजारीण नमिता आणि आणखी तिघी. बोटी सुटायच्या होत्या, म्हणून खळी झाडायला निघालेल्या, डोक्यावर रिकाम्या टोपल्या. कुंपणापाशी त्या थांबल्या. सोनूबाईने टोपली उतरवली आणि नव्या पाइपावर टेकवून ठेवली.

"निशा, वाट कंय गेली?"

निशाला पहिल्यांदा प्रश्नच कळला नाही. मग तिने खाली पाहिलं. कुंपणाच्या त्या बाजूने येणारी पायवाट पाइपाखालून आत शिरत होती, वाडी ओलांडत होती आणि खळ्याकडच्या बाजूला पुन्हा पाइपाखालून बाहेर पडत होती. गवत तुडवून तुडवून घट्ट झालेली, एका माणसापुरती. बांबूचं कुंपण होतं तेव्हा दोन्हीकडे दोन बांबू सैल असायचे. बायका ते सारून जायच्या, आणि गलबत नेमकी तिथेच टेकायची. निशाने जमीन मापली होती, उतार मापला होता, वाळू किती खोल आहे ते मापलं होतं. लहानपणी आईचा पदर धरून ती स्वतः या वाटेने खळ्यावर गेली होती. पण कॉलेज लागलं, नोकरी लागली, स्कूटर आली, आणि ती डांबरी रस्त्याने जाऊ लागली. पायाखालून वाट गेली की डोक्यातूनही जाते, हे तिच्या मापात नव्हतं.

तिने कबूल केलं की राहून गेलं. रस्त्याने वळसा घालून जाता येईल का, असं विचारलंही. उत्तर नमिताने दिलं. भरलेली टोपली, जवळ्याचं पाणी मानेवरून पाठीत चाललेलं, आणि वर डांबर तापलेलं. तू एक दिवस जा आणि मग आम्हाला सांग.

नितेशने आतूनच ओरडून सांगितलं की त्यात काय, दोन्ही बाजूंना छोटी फाटकं बसवतो, कडी लावून जा.

"मी टोपली डोईवर घेतली का माजे दोनी हात वर," सोनूबाई म्हणाली. "कडी कोन लावील, तुजो बापूस? आन् एक दिस एकीची कडी रायली, म्हशी भायेर आल्या, मंग दोष कोनाचा? आमचाच ना? नको तुजी कडी. वाट ही माजे सासूची हाय, तिचे सासूची हाय. रविवारी बैठक हाय, तवर बग."

तिने टोपली उचलली, नवा पाइप एकदा हाताने चाचपला आणि रस्त्याने निघून गेली.

आता गोष्ट अशी झाली होती: वाट बंद ठेवली तर बैठक म्हशींच्या विरुद्ध जाणार, वाट उघडली तर म्हशी बाहेर येणार आणि बैठकीची गरजच उरणार नाही. रामचंद्र म्हणाला की तो सोनूबाईशी बोलेल, नातं आहे. निशाने नको म्हटलं. बोलून वाट होत नाही.

ती पायवाटेच्या तोंडाशी बसून राहिली. कडी हात मागते आणि आठवण मागते. बायकांचे हात वर आणि डोकं ओझ्यात. म्हणजे असं काही हवं जे दिवसरात्र उघडंच असेल, आणि तरी म्हशीला बंद. बाईत आणि म्हशीत नेमका फरक काय, असं तिने मोठ्याने म्हटलं तेव्हा नितेशने विचारलं की हे तुला बीएस्सीत शिकवलं नाय काय.

दुपारी ती टेप घेऊन सोनूबाईच्या दारात गेली. एक टोपली डोक्यावर घेऊन चालून दाखव म्हणाली. सोनूबाईने ओली वाळू भरून टोपली घेतली आणि अंगणातून चालली. टोपली रुंद, पण ती डोक्यावर, कुंपणाच्या उंचीच्याही वर. खाली उरतं ते फक्त अंग. आणि अंग वळताना टोपली जागच्या जागी फिरत होती, एक कणही न सांडता. निशाने मापं घेतली. सोनूबाई म्हणाली की माझंच माप घेऊन चालायचं नाही, नमिता गलबतपेक्षा काय कमी आहे? नमिता दारातून म्हणाली की मी दूध देत नाही एवढाच फरक. तिचंही माप घेतलं.

मग वाडीत बांबू रोवून, नमिताच्या मापाची एक सरळ फट केली. गलबतच्या पोटाची रुंदी त्याहून हातभर जास्त होती. गलबत आली, तिने फटीत डोकं घातलं, खांदे घातले, पोट घुसळलं आणि आरामात बाहेर पडली. पोट हाड नव्हे, दाबलं की दबतं. नितेश हसून खाली बसला. निशाने तिला पुन्हा आत घेतलं. फट अजून अरुंद करता येईना, नमिता अडकली असती. रुंदीने फरक पडत नव्हता. ती गलबतच्या बाजूला उभी राहिली आणि तिने टेप डोक्यापासून शेपटीपर्यंत लावली.

म्हैस लांब असते. बाई लांब नसते.

संध्याकाळपर्यंत तिने बांबू बदलले. आत शिरलं की दोन पावलांवर समोर आडवा बांबू, तिथून झटकन डावीकडे वळायचं, पुन्हा दोन पावलं, पुन्हा उजवीकडे, की बाहेर. माणूस उभ्या जागी वळतो. म्हशीचं डोकं समोरच्या बांबूला लागतं तेव्हा मागचे पाय अजून कुंपणाच्या आत असतात. वळायला मधलं अंग वाकावं लागतं, आणि तिथे तिचा कणा आहे. गलबतला सोडलं. ती वळणात शिरली, समोर बांबू आला, मान डावीकडे घातली, अंग आलं नाही. तिने फुसकारा सोडला आणि मागे सरकली.

मग तिचं रेडकू तिच्या बाजूने आलं, टुणकन वळलं, पुन्हा वळलं आणि बाहेर जाऊन गवत खाऊ लागलं.

कुंपणापलीकडे सोनूबाई कधी येऊन उभी राहिली होती ते निशाला कळलं नव्हतं. सोनूबाईने विचारलं की वळणात खाली एक आडवा पाइप टाकला तर? रेडकाला उंबरठा ओलांडता येत नाही, तिच्या माहेरी ओसरीवर शेळीची करडं तशीच अडवायचे. पण तुम्हाला भरल्या टोपलीने ओलांडता येईल का, निशाने विचारलं. सोनूबाई म्हणाली की रोज गुडघाभर पाण्यातून टोपली घेऊन बोटीवरून उतरते ती काय उडत येते? तिने लुगडं जरा वर खोचलं, नडगीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, हितवर. याच्या वर नाय.

निशाने त्या बोटापाशी टेप धरली.

नितेशने मात्र खूप कुरकुर केली. चार बाजूंचं काम, एकेक बोंबील हाताने बसवलेला, वर रंग वाळलेला, आणि आता त्याला कटर लावायचा, तेही दोन ठिकाणी. त्याच्या वडलांनी त्याला शिकवलं होतं की झालेला जोड कापायचा नसतो. निशा म्हणाली की मग मी कापते, आणि चष्मा मागितला. नितेशने चष्मा दिला नाही. स्वतःच्या डोळ्यांवर चढवला आणि ग्राइंडर सुरू केला. ठिणग्या पायवाटेवर पडल्या. दोन्ही तोंडांशी नवे खांब रोवले, पिंपं घातली, गोडं पाणी आणलं. काँक्रीट धरेपर्यंत म्हशी दावणीला.

रविवारच्या बैठकीत सोनूबाईने विषय काढलाच. काम चालू आहे, जवळा पडेल तेव्हा बघू, एवढंच ती म्हणाली. म्हणजे टांगती तलवार तिथेच, फक्त दोरी तिच्या हातात.

जवळा पडला तो एका स्वच्छ सकाळी. अल्पेशची बोट भरून आली, मागोमाग आणखी दोन. बंदरावर गलका झाला आणि टोपल्या भरू लागल्या. निशाने म्हशी मोकळ्या सोडल्या. रामचंद्र म्हणाला की आजचा दिवस बांधून ठेव, उगाच परीक्षा नको. निशा म्हणाली की आज नाही तर कधी.

पहिली सोनूबाई. टोपलीतून पाणी गळत होतं, त्याची रेघ तिच्यामागे वाटेवर उमटत होती. हात वर, मान ताठ. ती पहिल्या वळणाशी आली, एक पाय उंबरठ्यावरून टाकला, दुसरा टाकला, डावीकडे वळली, उजवीकडे वळली. टोपली पाइपांच्या वरून संथ सरकत गेली, जणू खाली चालणाऱ्या बाईशी तिचा संबंध नव्हता. मग नमिता, कुशी घासत, पण गेली. मग उरलेल्या. वाडी ओलांडून त्या पलीकडच्या वळणातून खळ्यावर उतरल्या आणि निळसर गुलाबी जवळा वाळूवर पसरू लागल्या.

गलबतने ते सगळं पाहिलं होतं. जिथून माणसं जातात तिथे वाट असते, हा तिचा जुना अनुभव. ती खळ्याकडच्या वळणाशी आली. ताज्या मासळीचा वास आत घेतला. डोकं घातलं, खांदे घातले, समोरच्या पाइपाला कपाळ लावलं. मान वळवली, अंग आलं नाही. आणि मग तिने तेच केलं जे तिला येत होतं. टेकली.

निशा बाहेरच्या बाजूला खांबापाशी उभी होती. ओरडावं, काठी आणावी, असं मनात आलं होतं. तिने हात खांबावर ठेवला आणि तिथेच दाबून धरला. लोखंडातून म्हशीचा श्वास कळत होता. वजन वाढत गेलं. पाइपाच्या जोडातून बारीक किणकिण आली, जशी सळई तुटायच्या बरीच आधी येते, आणि निशा पुढच्या आवाजाची वाट पाहत राहिली. खळ्यावर सोनूबाई रिकामी टोपली हातात धरून थांबली होती. तिच्या पायांपासून वळणापर्यंत ओला जवळा.

पुढचा आवाज आला नाही. खांबाच्या बुडाशी काँक्रीटला चीर नव्हती, वाळू हलली नव्हती. गलबत टेकून राहिली, तिची कातडी थरथरली, आणि तिने एक लांब सुस्कारा सोडला. उलटं चालणं म्हशीला आवडत नाही. ती एकेक पाय मागे घेत, खुरांनी अंदाज घेत, कुरबुरत वळणातून मागे निघाली. मग वाडीच्या मधोमध जाऊन खाली बसली आणि रवंथ करू लागली.

सोनूबाई वळणातून परत आली. रिकाम्या टोपलीने तिला ते आणखी सोपं गेलं. खांबाशी थांबून तिने आडव्या पाइपावर हाताने वजन टाकून पाहिलं. निशाकडे पाहिलं नाही.

"हितं भायेर एक पाइप लाव, उंच," ती म्हणाली. "टोपली टेकवाया. दुसरे खेपेला मान दुकते. मगाशीच बोलनार होते, पन डोईवर वजन होता."

"किती उंच?"

"माजे डोईवरून सरळ सरकली पायजे. खाली वाकाया नको."

वाडीच्या पलीकडे ग्राइंडर आवरत असलेल्या नितेशने ते ऐकलं आणि मालवणीत काहीतरी म्हटलं, पण काय ते कोणी विचारलं नाही. निशाने खिशातून टेप काढली. सोनूबाई खांबाला पाठ लावून ताठ उभी राहिली, आणि तिने रिकामी टोपली डोक्यावर घेतली.